रविनाचे कान

करवंदपाडा, डोळखांबच्या वर
२४ जून २०२४

कमळ,

आईचा आशीर्वाद तुला, जावयाला, नि सगळ्यात मोठा वाटा रविनाला. कुणाकडून लिहून घेतलं म्हणून अक्षराकडं बघत बसू नको, माझंच आहे. साक्षरतेच्या वर्गात मी पास झाले ते तू हसण्यावारी नेलंस ना, आता वाच. जोडाक्षर आलं की हात अडतो, तिथं कुणाली सांगते. कुणाली म्हणजे शेजारच्या लखमाची नात, तीच आमची मास्तरीण. ती म्हणते, आजी, थोडक्यात लिहा. मी म्हटलं, गो, घरात बोलायला माणूस नाय, कागदावर पण बोलू नको काय?

फोन करत जा म्हणतेस, पण फोन तुझ्या दादाकडं. रेंज पाहिजे तर देवाच्या टेकडीवर चढायचं, तिथं पण एकाच खडकावर येते. मी त्या खडकावर चढले तर उतरवायला माणसं लागतील. त्यापेक्षा पोस्टमन बरा, बिचारा चहा तरी पितो.

रविना जीपमध्ये बसताना हसत होती ते बघितलंस? तिला वाटलं बाजाराला चाललोय. मी पण तसंच वाटू दिलं. तिकडं गेल्यावर तिनं मला शोधलं काय, ते लिही.

इथं बायका विचारतात, नात आत्याकडं का धाडलीस, भाकरी जड झाली काय? मी सगळ्यांना पहिल्यापासून सांगते. शाळेत गुरुजी दोन वर्षं म्हणत होते, हिची घरची बोली वेगळी, पुस्तकातली भाषा कळत नाय, येईल हळूहळू. आमाला पटलं. आपल्या बोलीची पोरं पहिलीत गप्पच बसतात नि मग एकदम तोंड सुटतं. हिचं सुटलंच नाय. मागल्या वर्षी तू होळीला आलीस, तिच्या मागं पितळी पाडलीस. कोंबड्या उडाल्या, मांजर पळालं, नि ही आपली भात खात बसली. तरी मी तुझ्याशीच भांडले. माझं तर सगळं ऐकते, मग बहिरी कशी? माझा आवाज तुला ठाऊक आहे. मी हाक मारली की ओढ्यापलीकडची गुरं मान वर करतात.

मग शहापूरला शिबिर झालं, कान मोजले, कानात मळलेल्या पिठासारखं काय घालून बुचाचा साचा घेतला. म्हणाले, मशीन दोन महिन्यांत. वर्ष गेलं. अशा पोरांना शिकवायला फिरत्या बाई येणार होत्या, तर त्यांची जागाच रिकामी. तुझ्या शाळेत रोज शिकवणाऱ्या बाई आहेत म्हणून पाठवली. पण इकडं बाई आली नि मशीन आलं की मी तिला परत आणणार. उसनी दिलेय तुला, कायमची नाय.

पिवळी कोंबडी खुडूक बसलेय. भाताचं आवण बरं आलंय. बाकी मी मजेत आहे.

तुझी आई
ठमी

*

मुरबाड
७ जुलै २०२४

आये,

तुझं पत्र यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "सासूबाई कागदावर पण ओरडतात." तुला आवडेल म्हणून लिहिलं.

रविना बरी आहे. खाते, खेळते. तू विचारलंस म्हणून लिहिते, रडली वगैरे काही नाही. मी अंगणवाडीत मदतनीस असल्यानं सकाळी शाळेत सोडणं सोपं जातं. तिच्या मेघा मॅडम वाशिंदहून येतात. त्या तिला समोर बसवून तोंड दाखवत बोलतात. ती बघून बघून चार शब्द म्हणते, पण ते तिला स्वतःला ऐकू येत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "कानापर्यंत आवाजच जात नाही, तोवर माझी मेहनत अर्धी वाया."

इथं मशीन मागितलं तर म्हणतात, मुलीचं नाव शहापूरकडं आहे, तिकडचं तिकडून आणा. मॅडमनी ओळखीत विचारलं. त्यांना कळलं की त्या शिबिराची मशीनं कधीच येऊन पडली आहेत. दादाला पाठव. नाहीतर लावणी झाली की तूच जाऊन ये. पण भांडू नको. नीट विचार.

कमळ

*

करवंदपाडा
२० ऑगस्ट २०२४

कमळ,

आईचा आशीर्वाद. मशीन मिळालं! आधी हेच लिहिते, कारण पुढं मी वाहवत जाणार.

तुझा शामदादा म्हणाला, तिथं जाऊन काय होत नाय. म्हणून मीच गेले. नवं लुगडं नेसले. हापिसात बाकावर एक माणूस होता. म्हणाला, "काय आजी, पेन्शन काय?"

"कानाचं मशीन पाहिजे."

"तुमचे कान तर चांगले दिसतात."

"माझे चांगलेच आहेत, तुझे बघ. नातीचं म्हणतेय मी. कधीपासून सांगतेय."

तर म्हणतो, "आजी, हळू बोला, आत मीटिंग चाललीय." मी म्हटलं, "बाबा, हे हळूच आहे."

तेवढ्यानं साहेब बाहेर आला. तरणा आहे, चष्मेवाला, वाईट माणूस नाय. मला खुर्ची दिली. म्हणाला, "मशीनं आलीयत आजी, पण वाटपाचा कार्यक्रम व्हायचाय."

"कसला कार्यक्रम?"

"मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते द्यायची पद्धत आहे. आधी पाहुण्यांची तारीख मिळेना. मग निवडणूक आली. आता पावसात मंडप कुठं घालणार?"

कमळ, मी खरंच भांडले नाय. मला पहिल्यांदा कळलंच नाय तो काय बोलतोय. पोरं बहिरी बसलीयत नि यांना मंडप पाहिजे? मग मी विचारलं, "साहेब, पाहुणा म्हणजे लांबून आलेलं माणूस ना?"

"हो."

"मग मी डोळखांबच्या वरून आलेय. आधी जीप, मग येष्टी, वाटेत चिखलात चप्पल गेली ती वेगळीच. मीच पाहुणी. माझ्या हातानं माझ्या नातीचं द्या. नारळ नको, फुलं नको. फोटो पाहिजे तर काढा, मी पदर घेते."

कॉम्प्युटरवरची बाई फिसकन हसली. मग तिनं साहेबाच्या तोंडाकडं बघितलं. साहेब उठला नि त्यानं कपाट उघडलं. आत खोक्यांवर खोकी, एकेका खोक्यावर एकेका पोराचं नाव. मला आता वाचता येतं ना, मी वाचत गेले. एक उंबरमाळीकडचं पोर होतं, मग किन्हवलीकडच्या दोन मुली. रविनाचं नाव आलं तेव्हा अक्षरं हललीच जराशी. मी म्हटलं, या पोरांच्या घरी पण पाहुणेच जायचेत काय? साहेबानं त्या बाईला सांगितलं, "आजच फोन लावा सगळ्यांना. कार्यक्रम राहू दे." माझ्यासमोर लावले गो तिनं.

मग फिरत्या बाईंचं विचारलं. म्हणाला, जागा भरायला वर लिहिलंय. बहिरी पोरं शोधायच्या सर्व्हेचं विचारलं तर म्हणतो, आमची माणसं आली होती, तुमच्या वाडीत कुलपं होती. कधी आली होती? थंडीत. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं. दिवाळीच्या आधी या, पोरं सापडतील. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पण उभी राहून हेच बोलले. लखमा म्हणतो, ठमी बोलली तर माईक लागत नाय, पंचायतीचा खर्च वाचतो.

जावयाला रविवारी धाड, खोका त्याच्या हातात देते. मी उशाशी ठेवलाय. आता रविना ऐकणार नि माझ्याशी बोलणार. मग बाई आली की घरी. उभ्या उभ्या नाचावंसं वाटतंय, पण गुडघा नको म्हणतो.

तुझी आई
ठमी

*

मुरबाड
२२ सप्टेंबर २०२४

आये,

तू काय केलंस ते मी मेघा मॅडमना सांगितलं, तर त्यांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं. आता मला इथं "पाहुणीची मुलगी" म्हणतात.

पण एक अडचण झाली होती, ती आता मिटली म्हणून लिहिते. मशीन चांगलं होतं, पण कानातलं बूच तिला बसेना. साचा घेतला तेव्हाचा कान लहान होता, वर्षात कान वाढला. बूच सैल झालं की मशीन शिट्टी मारतं. घातलं की शिट्टी, काढलं की बंद. रविना रडायची आणि मॅडम रागानं लाल व्हायच्या. म्हणाल्या, "मशीन कपाटात होतं, पण पोरगी नव्हती ना कपाटात!" मग त्यांनीच आम्हाला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं, नवा साचा घेतला. गेल्या आठवड्यात बूच आलं.

पहिला मोठा आवाज तिनं कुकरच्या शिट्टीचा ऐकला. भिंतीला चिकटून उभी राहिली. मग जाऊन कुकरला बोट दाखवलं, माझ्याकडं बघितलं, परत कुकरकडं. त्या दिवशी मी डाळ दोनदा शिजवली.

दसऱ्याला ये. राहायलाच ये.

कमळ

*

करवंदपाडा
१६ ऑक्टोबर २०२४

कमळ,

आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. सरळगावला गाडी बदलायला वेळ गेला. तिथं एक बाई भेटली, तिचं माहेर आपल्या खालच्या वाडीचं, तिनं मला भेळ दिली. पोट बिघडलं नाय.

रविना छान दिसते. अंग भरलंय. फ्रॉकचा रंग तिला चांगला दिसतो. मशीन पण चांगलं आहे, केसात दिसत नाय.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले ती कापणी होती म्हणून. दुसरं काय नाय. तू उगाच मनाला लावून घेऊ नको. तिळाचे लाडू तिथंच राहिले, ते जावयाला दे.

आई

*

मुरबाड
२१ ऑक्टोबर २०२४

आये,

कापणी पुढच्या आठवड्यात आहे. दादाचा फोन आला होता.

काय झालं ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. तू फाटकातून नेहमीसारखी हाक मारलीस, "रविनाऽऽ!" आणि तिनं दोन्ही कान दाबले, मशीन ओढून काढलं नि दाराच्या मागं लपली. तू जवळ घ्यायला गेलीस, अजून मोठ्यानं बोललीस, आणि ती माझ्या पदरात शिरली. तुझा चेहरा मी बघितला. रात्री तू जेवली नाहीस, गाडी लागली म्हणालीस.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, लहान आवाज मोठा करण्यासाठीच ते मशीन आहे, आधीच मोठा असलेला आवाज तर कानात घणासारखा बसतो. ती तुला भ्यायली नाही, आये. आवाजाला भ्यायली. इतकी वर्षं सगळ्या जगातून फक्त तुझाच आवाज तिच्यापर्यंत पोचत होता, कारण तो तेवढा मोठा होता. म्हणून तर आपल्या कुणाला संशय आला नाही.

तू निघालीस तेव्हा ती मशीन घालून फाटकाशी गेली होती. तुला दिसलं नसेल.

पुढच्या वेळी फक्त हळू बोल. अगदी हळू, माझ्या कानात सांगतेस तसं.

दिवाळीत तिला आणता येणार नाही. त्याच दिवसांत ठाण्याला कान तपासायची तारीख मिळाली आहे. रागावू नको.

कमळ

*

करवंदपाडा
२८ नोव्हेंबर २०२४

कमळ,

तुला नि जावयाला आशीर्वाद, रविनाला पण, हळू आवाजात.

आता वाडी अर्धी रिकामी झाली. शाम नि रंजिता दिवाळीनंतर भट्टीवर गेली. रंजितानं जाताना रविनाचा फोटो पिशवीत घातला. म्हणाली, "आये, तुमच्याकडं एक आहेच ना." तसं बघितलं तर फोटो एकच होता. नेऊ दे. ती आई आहे.

मी हळू बोलायला शिकतेय. हसू नको. सकाळी उठून कोंबड्यांना हळू बोलावलं, एक पण आली नाय. मांजराला हळू हाकललं, ते दुधाशी बसून राहिलं. मग लखमा काठी टेकत आला, दारातून वाकून बघतो नि म्हणतो, "ठमे, मेलीस काय गो? सकाळपासून तुझी हाक नाय."

मी हळूच म्हटलं, "जिवंत आहे."

"काय?"

"जिवंत आहे!"

"हां, आता कसं," म्हणून गेला.

माणूसच नाय तर हळू बोलून बघायचं कुणाशी? मी भिंतीशी बोलते. आज काय भाजी करू, असं विचारते. मग मलाच ऐकू येत नाय म्हणून परत विचारते.

पण एक मोठी गोष्ट सांगायची राहिली. ती सर्व्हेची माणसं दिवाळीच्या आधी आली गो! खरोखर आली. साहेबानं शब्द पाळला. त्यांच्यासोबत नवीन सर होते, सतीश सर. रिकामी जागा भरली म्हणायची. त्यांना आपली बोली समजेना म्हणून मला म्हणाले, "आजी, पाड्यांवर सोबत चला." मी कोंबड्या लखमाच्या हवाली करून निघाले.

सरांची पद्धत साधी. पोराला खेळत बसवायचं, माझ्याकडं पाठ. मग मी मागं उभी राहून आपल्या बोलीत त्याचं नाव घ्यायचं, हळू. सर म्हणायचे, "आजी, याहून हळू." मी सगळ्या जन्मात एवढं हळू बोलले नव्हते. पोरं वळायची, हसायची. खालच्या पाड्यावरचा नवसू वळला नाय. मी परत नाव घेतलं. तो मातीत रेघा ओढत बसलेला. त्याला सगळी ऐटखोर म्हणायची, मुद्दाम ऐकत नाय म्हणून आईनं कितीदा मारलेलं. ती तिथंच उभी होती. नुसती हाताचा तळवा पदराला पुसत राहिली, पुसत राहिली.

सरांनी त्याचं नाव लिहून घेतलं. आणखी पण काही पोरं निघाली. सगळी इतके दिवस आमच्यात होती नि आमी त्यांना आळशी, वेडी, हट्टी म्हणत होतो.

मेघा बाईंना सांग, मी आता याहून हळू बोलते.

आई

*

मुरबाड
१७ एप्रिल २०२५

आये,

तुझं होळीचं पत्र मिळालं. नवसूला मशीन मिळालं, सर स्वतः घरी जाऊन देऊन आले, हे वाचून मॅडम म्हणाल्या, आता इकडं पण तसंच करायला सांगते.

रविनाचा अभ्यास चांगला झाला. वाचते. बोलते. काही अक्षरं अजून पुसट येतात, पण दुकानात जाऊन साखर मागते आणि साखरच आणते. मला "आत्या" म्हणते.

मॅडमनी सांगितलं, जूनपासून डोळखांबच्या मोठ्या शाळेत अशा मुलांसाठी खास खोली सुरू होणार, सतीश सर तिथंच शिकवणार. तुझ्या पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, बाई आली नि मशीन आलं की परत आणणार. बाईच्या जागी सर आले, एवढाच फरक. तेव्हा तू म्हणशील तसं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. ती इथं आली तेव्हा पहिला महिनाभर रोज संध्याकाळी जीप थांबते तिथं जाऊन बसायची. कुणाशी बोलायची नाही. प्रत्येक जीप बघायची. मी शेजारी बसून राहायचे. तुला लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी घेऊन गेली असतीस.

आता ती तिथं जात नाही.

आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून मी तिला धरून ठेवतेय असं तुझ्या मनात येऊ नये. तू म्हटलंस तर मी तिचे कपडे उद्या भरीन. फक्त लवकर कळव, म्हणजे माझं मन तयार होईल.

कमळ

*

करवंदपाडा
२९ एप्रिल २०२५

कमळ,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा मी आनंदानं कुणालीला मिठी मारली. ती म्हणाली, आजी, परीक्षा आहे, दबले मी. त्याच दिवशी रविनाचं अंथरूण काढलं, धुतलं, उन्हात घातलं. लखमाला सांगितलं, वाडीला सांगितलं. मग म्हटलं, खोली तरी बघून येऊ.

खोली छान आहे. पिवळा रंग लावलाय. बुटक्या खुर्च्या, भिंतीवर मोठा आरसा, पोरांनी त्यात आपलं तोंड बघत बोलायचं. मी पण बघून बोलले, माझे दात किती गेलेत ते कळलं. आपल्या बोलीतले शब्द पण सर चित्राखाली लिहिणार आहेत. नवसू त्याच्या आईसोबत खुर्चीत बसून बघून गेला म्हणे, उठेना.

मी विचारलं, "सर, वर्ग रोज ना?"

ते म्हणाले, "नाही आजी. इथं मंगळवार नि शुक्रवार. बाकीचे दिवस मला दुसऱ्या शाळा दिल्यात. अजून एक माणूस मिळालं तर रोज."

"कधी मिळेल?"

"मागणी केलीय."

मी बराच वेळ त्या आरशाशी उभी राहिले. मग म्हटलं, "सर, एखाद्या पोरीला आज रोज शिकवणारी बाई मिळतेय. ती आता कुठं बोलायला लागलीय. तिला इथं आणू काय? तुमच्या घरची असती तर?"

सर चांगला माणूस आहे. त्यानं खाली बघितलं. म्हणाला, "माझ्या घरची असती तर मी तिला रोजच्या ठिकाणी ठेवली असती."

म्हणून सांगते, कपडे भरू नको. ठेव तिला. इथं रोजचा वर्ग होईपर्यंत ठेव, त्याला वर्ष लागो नायतर जास्ती. शाम-रंजिता भट्टीवरून आली की मी त्यांना समजावीन. रंजिता रडेल, पण ऐकेल.

तू शेजारी बसून राहायचीस ते वाचलं. बरं केलंस लिहिलं नाय ते. मी खरंच घेऊन आले असते.

उसनी म्हटलं होतं ते खोडते. सुट्टीत मात्र माझी. अंथरूण परत गुंडाळून ठेवलंय. सुट्टीपर्यंत त्यावर मांजर झोपेल.

तुझी आई
ठमी

*

मुरबाड
४ मे २०२५

आजी,

मी रविना. मी लिहिते. आत्या स्पेलिंग सांगते पण मी लिहिते.

मी सुट्टीत येणार. वीस तारखेला. आत्याचे ते येणार सोडायला.

इथे पंखा आवाज करतो. कुकर करतो. टाकीत पाणी पडतं ते करतं. पाल पण करते. मला माहीत नव्हतं पाल बोलते.

आपल्या घरी कोण कोण आवाज करतं? मला माहीत नाही. मी तिथे होते पण मला माहीत नाही. तू लिही. मग मी येऊन ऐकते.

हळू बोल.

रविना

*

करवंदपाडा
९ मे २०२५

रविना बाय,

आजीचा मुका. तुझं पत्र मी स्वतः वाचलं, कुणालीला हात लावू दिला नाय. मग सगळ्यांना वाचून दाखवलं. पोस्टमनला दोनदा दाखवलं, तो म्हणाला, आजी, आता मला जाऊ द्या.

तू विचारलंस, आपल्या घरी कोण आवाज करतं. मी आधी म्हटलं, कोण करणार? तू नाय, तुझे आईबाप अजून भट्टीवर, घरात आवाजच नाय. मला तर वर्षभर असंच वाटत होतं. मग म्हटलं, पोरीनं विचारलंय तर ऐकून बघू. कामधंदा सोडून दारात बसले. तर ऐक.

सकाळी लखमा खोकतो. आधी तीन छोटे, मग एक लांब. त्यानंतर त्याचा पितळी तांब्या ओट्यावर ठण करतो. मग मोठा कोंबडा. छोटा कोंबडा आरवायला जातो पण त्याचा आवाज मध्येच फाटतो, नि तो लाजून इकडंतिकडं बघतो.

ऊन चढलं की आपला पत्रा बोलतो. तापला की टण, सावली आली की टुक. सागाची वाळकी पानं वाऱ्यानं अंगणात सरकतात तेव्हा वाटतं कोण तरी चालत येतंय. मी बऱ्याचदा उठून बघते. कोण नसतं. आता तू पण फसशील, मग आपण हसू.

दुपारी आंबा पडतो. आधी फांदीत खसखस, मग पत्र्यावर धाड, मग गडगडत खाली. त्याला तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते. तेवढ्या वेळापुरता कानावर हात ठेव, मशीन काढू नको.

पाखाडीच्या वाटेवरच्या गुरांच्या वाडग्यातली पाडी, तिच्या गळ्यात लाकडाची घंटा आहे, ती खुळखुळ नाय करत, ठोकठोक करते. चुलीत ओलं लाकूड गेलं की ते फुसफुसतं, तुझ्यासारखंच, जेवायला बोलावलं की. माझ्या बांगड्या वाजतात, भाकरी थापताना जास्ती. उठताना माझा गुडघा कडकन वाजतो. तो तू जवळ बसलीस तरच ऐकू येईल.

माझा आवाज लिहिला नाय. तो मी बदललाय. तुला ओळखू येतो काय ते बघ.

आणि अजून एक आहे. परवापासून मागच्या कुडाच्या भिंतीत, तुझी पाटी टांगलीय त्याच्या खाली, कसला तरी आवाज येतो. किर्र नाय, कुरकुर पण नाय. थांबतो, परत येतो. भुंगा लाकूड पोखरतोय, का चिमणीनं घर केलंय, का काय, मला कळत नाय. लखमा म्हणाला, काठी घालून बघतो. मी त्याला हात लावू दिला नाय.

तो तुझ्यासाठी ठेवलाय. तू आलीस की कुडाला कान लाव नि मला सांग कोण आहे ते.

तुझी आजी
ठमी